वाचकांचे प्रश्न : जुन्या राउटरला घरातच काम द्या

घरी फायबर जोडणी आली की आधीचा राउटर अडॅप्टरसकट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर जातो आणि पुढे दिवाळीच्या साफसफाईत तिथून थेट भंगारात निघतो. अशा राउटरचे काय करता येईल, असे विचारणारी पत्रे गेले काही महिने सातत्याने येत असल्यामुळे या वेळचा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला दिला आहे.

प्रश्न : सांगलीतील आमच्या जुन्या वाड्यात बरीच वर्षे फोनच्या तारेवरचे ब्रॉडबँड होते. मागच्या वर्षी फायबर घेतले. नवा राउटर पुढच्या सोप्यात आहे, पण माजघर ओलांडले की रेंज जाते आणि नातीला अभ्यासासाठी सोप्यातच बसावे लागते. जुना मोडेम सुस्थितीत आहे. दुकानदार म्हणतो, त्याला फोनची तार लागते, फायबरवर तो निरुपयोगी आहे. हे खरे का? (निवृत्त शिक्षिका, सांगली)

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. आपल्याकडच्या ज्या डब्याला आपण मोडेम म्हणतो, त्यात खरे तर चार निरनिराळी यंत्रे एकत्र बसवलेली असतात. फोनच्या तारेवरून येणारा संदेश उलगडणारा मोडेम हे पहिले. घरातले जाळे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यामध्ये उभा राहून घरातल्या प्रत्येक फोनला आणि संगणकाला क्रमांक वाटून देणारा राउटर हे दुसरे. मागच्या बाजूच्या चार खाचांमध्ये लावलेल्या केबल एकमेकींना जोडणारा स्विच हे तिसरे, आणि वायफायची लहरी फेकणारा भाग हे चौथे. बीएसएनएलची डेटावन सेवा २००५ मध्ये सुरू झाल्यापासून महाराष्ट्रातील लाखो घरांत असे डबे आले. फायबर आल्यावर त्यांतले पहिले यंत्र निकामी झाले आणि दुसऱ्याचे काम नव्या राउटरने घेतले, परंतु तिसरे आणि चौथे जसेच्या तसे शाबूत आहे. आपल्याला हवे आहे ते नेमके हेच चौथे यंत्र, माजघराच्या पलीकडे.

वाड्याची दीड-दोन फुटी दगडमातीची भिंत वायफायच्या लहरी पुष्कळ शोषून घेते, त्यामुळे सोप्यातला राउटर कितीही भारी घेतला तरी मागच्या खोलीत फारसा फरक पडणार नाही. भिंतीतून लहरी पाठवण्याऐवजी केबल पाठवावी. साधी कॅट-६ किंवा कॅट-५ई प्रतीची केबल शंभर मीटरपर्यंत विनासायास चालते. नेहमीचा वायरमन छताच्या कडेने पट्टी मारून ती अर्ध्या दिवसात ओढून देईल.

केबल ओढण्याआधी जुन्या डब्याची सेटिंग बदलून घ्यावी लागते आणि हे काम तो डबा नव्या राउटरला जोडण्यापूर्वी करावे. डबा उलटा केला की तळाशी एक चिकटपट्टी दिसेल. तिच्यावर १९२.१६८.१.१ किंवा तत्सम पत्ता, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. पासवर्ड पूर्वी कोणी बदलला असेल आणि आठवत नसेल, तर डबा चालू ठेवून मागच्या बारीक भोकात उघडलेली टाचणी घालावी आणि आतले बटण सगळे दिवे एकदम लुकलुकेपर्यंत, म्हणजे साधारण दहा सेकंद, दाबून धरावे. त्यानंतर संगणक केबलने त्याला जोडून ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला की सेटिंगचे पान उघडते.

त्या पानावर प्रथम वायफायचे नाव आणि पासवर्ड ठरवावा. नव्या राउटरचेच नाव आणि पासवर्ड दिल्यास खोली बदलल्यावर फोन बहुधा आपोआप इकडून तिकडे जातो. सुरक्षेच्या रकान्यात किमान डब्ल्यूपीए-२ निवडावे आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून जोडण्याची सोय) बंद करावे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात नव्या राउटरचा चॅनल १ असेल तर जुन्याला ६ किंवा ११ द्यावा, म्हणजे दोघांच्या लहरी एकमेकींवर चढणार नाहीत. नंतर जुन्या डब्याचा स्वतःचा पत्ता बदलावा. नवा राउटर १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याला पहिले तीन आकडे तेच असलेला, पण नव्या राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यात न येणारा क्रमांक द्यावा; उदाहरणार्थ, वाटप २०० पर्यंतच होत असेल तर १९२.१६८.१.२५० चालेल. हे जतन झाल्यावर सेटिंगचे पान याच नव्या पत्त्यावर उघडेल. तिथे जाऊन शेवटी डीएचसीपी, म्हणजे क्रमांक वाटून देण्याची सोय, बंद करावे.

हे शेवटचे पाऊल लोक हमखास विसरतात. मीही एकदा ते विसरलो होतो. घरात दोन डबे एकाच वेळी क्रमांक वाटू लागले. सकाळी माझा फोन चालत होता, दुपारी मुलाचा लॅपटॉप बंद पडला आणि संध्याकाळी नेमके उलट झाले. ज्या यंत्राला जुन्या डब्याकडून क्रमांक मिळे, ते इंटरनेटसाठी त्याच्याकडेच विचारणा करत राही आणि त्याच्यामागे इंटरनेट नव्हतेच. दोष फायबरचा असेल असे समजून मी दोन दिवस तक्रारीचे फोन करत बसलो होतो. घरात असा लपंडाव सुरू झाला तर आधी डीएचसीपी पाहावे.

आता केबलचे एक टोक नव्या राउटरच्या लॅनच्या (घरातल्या जाळ्याच्या) खाचेत आणि दुसरे जुन्या डब्याच्या लॅनच्या खाचेत घालावे. फोनच्या तारेची अरुंद खाच रिकामीच राहील आणि वॅन असे लिहिलेली वेगळ्या रंगाची (बाहेरच्या इंटरनेटकडची) खाच असल्यास तीही रिकामी ठेवावी. उरलेल्या लॅनच्या खाचा वाया जात नाहीत. मागच्या खोलीत टीव्ही किंवा प्रिंटर असेल तर तो केबलने तिथेच जोडता येतो. एक मर्यादा मात्र लक्षात असू द्यावी. त्या काळातल्या बहुतेक डब्यांच्या खाचा सेकंदाला १०० मेगाबिटच्या असतात, म्हणून पुढे २०० मेगाबिटची योजना असली तरी मागच्या खोलीत शंभराच्या आतलाच वेग मिळेल. नातीच्या ऑनलाइन तासासाठी तो पुरून उरेल.

प्रश्न : आमच्या पुण्यातील फ्लॅटमध्ये केबल ओढण्यास घरमालकाची परवानगी नाही. जुना राउटर विनाकेबल वापरता येईल का? (नोकरदार वाचक, पुणे)

उत्तर : सेटिंगच्या पानावर रिपीटर, रेंज एक्स्टेंडर किंवा डब्ल्यूडीएस यांपैकी पर्याय असेल तर येईल, परंतु मी तो दुसऱ्या पसंतीचा मानतो. जुन्या राउटरमध्ये बहुधा एकच रेडिओ असतो. तोच आधी ऐकतो आणि तोच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो रेंज नसलेल्या खोलीतच नेऊन ठेवतात. तिथे त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही, मग तो पुढे काय सांगणार? जिथे नव्या राउटरची रेंज अजून चांगली आहे अशा मधल्या जागी, पॅसेजमध्ये किंवा दाराजवळ तो ठेवावा. क्लायंट किंवा ब्रिज असा पर्याय असल्यास वायफाय नसलेला जुना डेस्कटॉप त्याच्या लॅनच्या खाचेत लावून इंटरनेटवर आणता येतो आणि हा उपयोग मला रिपीटरपेक्षा जास्त समाधानकारक वाटतो.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातील एका पाड्यावरच्या शाळेत शिकवतो. शाळेत इंटरनेट नाही आणि मोबाइलला रेंज टेकडीवर गेल्यावरच मिळते. एक लॅपटॉप, पालकांचे व आमचे मिळून आठ-दहा साधे स्मार्टफोन आणि शहरातल्या एका मित्राने दिलेला जुना राउटर एवढे सामान आहे. इंटरनेटशिवाय राउटरचा काही उपयोग असतो का? (शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : आपले पत्र या ढिगातले सर्वांत मोलाचे आहे, कारण राउटर आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यात नेमके पुढे येते. राउटर चालू झाला की त्याच्या परिघातल्या सगळ्या यंत्रांचे एक छोटे जाळे तयार होते आणि बाहेरची तार असो वा नसो, त्या जाळ्यातल्या एका यंत्रावर ठेवलेले वाचनीय साहित्य इतर सर्वांना उघडता येते. आपल्या शाळेत लॅपटॉप हे ग्रंथालय होईल आणि राउटर त्याचे दार.

यासाठी किविक्स नावाचा मोफत प्रोग्राम वापरावा. संपूर्ण विकिपीडिया एका फाइलमध्ये बांधून इंटरनेटशिवाय वाचता यावा, याच हेतूने तो तयार झाला असून मराठी विकिपीडियाची फाइलही त्याच्या संकेतस्थळावर मिळते. (मराठी विकिपीडियाची सुरुवात २००३ सालच्या १ मे रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनीच झाली, हे मुलांना जरूर सांगावे.) चित्रांशिवायची फाइल बरीच लहान असते. प्रोग्राम आणि फाइल दोन्ही तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्यावर लॅपटॉपवर उतरवून घ्यावे. त्यानंतर इंटरनेटची गरज राहत नाही.

शाळेत लॅपटॉप केबलने राउटरच्या लॅनच्या खाचेत जोडावा. वर सांगलीच्या शिक्षिकांना डीएचसीपी बंद करायला सांगितले, परंतु आपल्याकडे दुसरा राउटर नसल्यामुळे इथे ते चालूच हवे, नाहीतर फोनना क्रमांकच मिळणार नाहीत. किविक्सच्या मेनूमध्ये स्थानिक सर्व्हर सुरू करण्याचा पर्याय आहे. तो सुरू केला की १९२.१६८.१.१०० यासारखा पत्ता आणि त्यापुढे विसर्गासारखे दोन टिंब देऊन बहुधा ८०८० हा आकडा दिसतो. मुलांनी फोन राउटरच्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये तो पत्ता जसाच्या तसा टाकला की विकिपीडिया उघडेल. लॅपटॉपचा क्रमांक दर दिवशी बदलू नये म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये तो राखून ठेवण्याची सोय असते; तसे केल्यावर पत्ता एकदाच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवता येईल.

पहिल्या दिवशी दोन अडचणी नक्की येतील. फोन जोडला की थोड्याच वेळात ‘या वायफायवर इंटरनेट नाही’ अशा अर्थाची सूचना दाखवतो आणि स्वतःहून मोबाइल डेटाकडे वळू पाहतो. त्या सूचनेवर बोट ठेवून ‘तरीही जोडलेले राहा’ असा पर्याय निवडावा आणि तासापुरता मोबाइल डेटा बंद ठेवावा. दुसरी अडचण लॅपटॉपच्या बाजूची आहे. विंडोजचा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरी, पहिल्यांदा परवानगी विचारतो. घाईत ती नाकारली गेली, तर लॅपटॉपवर पान उघडते पण एकाही फोनवर उघडत नाही. खासगी जाळ्यासाठी ती परवानगी द्यावी.

आठ-दहा फोनवर मजकूर वाचण्यासाठी दहा वर्षांपूर्वीचा राउटरही कमी पडत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी व्हिडिओ लावले तर मात्र तो अडखळेल, तेव्हा व्हिडिओ लॅपटॉपवर सर्वांनी मिळून पाहावा आणि फोन वाचण्यासाठी ठेवावेत. दोन-दोन मुलांनी एका फोनवर एक लेख वाचून वर्गाला सांगायचा, असा तास घेतला तर हे सामान पुरेसे आहे. प्रयोग कसा झाला ते आम्हाला अवश्य लिहून कळवावे.

प्रश्न : घराबाहेर दोन वायफाय कॅमेरे बसवले आहेत. त्यांच्यामार्फत कोणी आमच्या संगणकात शिरू नये म्हणून ते जुन्या राउटरवर वेगळे ठेवावेत, असा सल्ला मिळाला. तो योग्य आहे का? (व्यावसायिक, नाशिक)

उत्तर : हेतू योग्य आहे, पण सर्वसाधारणपणे सुचवली जाणारी मांडणी उलटी आहे. जुन्या राउटरची वॅनची खाच नव्या राउटरला जोडून कॅमेरे जुन्यावर घेतले, तर जुना राउटर मध्ये भिंतीसारखा उभा राहतो खरा, मात्र ही भिंत एकाच बाजूने अडवते. आपल्या संगणकाकडून कॅमेऱ्याकडे जाणारी वाट ती बंद करते आणि कॅमेऱ्याकडून संगणकाकडे येणारी वाट मोकळी ठेवते, कारण आतल्या यंत्राने बाहेर जाण्याला राउटर हरकत घेत नाही. म्हणजे ज्याची भीती, त्यालाच वाट मोकळी राहते. आपल्या नव्या राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय देण्याची सोय असेल, तर ती चालू करून कॅमेरे त्यावर घ्यावेत. त्या जाळ्यातून मुख्य जाळ्यात जाता येत नाही.

या निमित्ताने सर्वच वाचकांना कळकळीची विनंती आहे की जुना राउटर पुन्हा घराच्या वेशीवर, म्हणजे थेट इंटरनेटच्या तारेवर, उभा करू नये. कंपनीने फर्मवेअरच्या, म्हणजे राउटरच्या आतल्या मूळ प्रोग्रामच्या, दुरुस्त्या देणे थांबवल्यावर त्यात सापडलेली प्रत्येक फट कायमची उघडी राहते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने मूळचे पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि घरगुती राउटर हजारोंनी ताब्यात घेतले, आणि २०१८ च्या मे महिन्यात उघडकीस आलेल्या व्हीपीएनफिल्टरने किमान ५४ देशांतील सुमारे ५ लाख उपकरणे पोखरली होती. नव्या राउटरच्या मागे, नुसता ऍक्सेस पॉइंट (फक्त वायफाय पुरवणारा डबा) किंवा स्विच म्हणून बसवलेल्या डब्यापर्यंत बाहेरच्याला थेट पोचता येत नाही. म्हणूनच या स्तंभातले सगळे उपयोग घराच्या आतले आहेत.

प्रश्न : जुन्या राउटरचा अडॅप्टर हरवला आहे. घरातला दुसरा लावला तर चालेल का? आमच्याकडे पावसाळ्यात लाइट वारंवार जाते, त्यासाठीही काही उपाय सुचवावा. (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : राउटरच्या तळाशी ९ व्ही किंवा १२ व्ही असे लिहिलेले असते. अडॅप्टरचा व्होल्ट तंतोतंत तेवढाच हवा. अँपिअर मात्र लिहिल्यापेक्षा जास्त असले तरी चालते, कमी चालत नाही. तिथेच एका वर्तुळाच्या आत ठिपका आणि दोन्ही बाजूंना अधिक-उणे अशी खूण असते. पिनेचा मधला भाग धन की ऋण हे ती सांगते. ही खूण अडॅप्टरवरच्या खुणेशी जुळली नाही तर पिन खाचेत कितीही व्यवस्थित बसो, लावू नये. लाइट गेल्यावरसाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. तो बहुतेक वेळा १२ व्होल्टचा असतो आणि बरेच जुने छोटे राउटर ९ व्होल्टचे असतात, म्हणून दुकानात जाताना राउटर सोबत न्यावा. केबलच्या दोन्ही टोकांचे डबे यूपीएसवर असतील तरच उपयोग होईल, हेही विसरू नये.

विजेचा प्रश्न आणखी दोन वाचकांनी विचारला आहे. पाच वॅटचा राउटर वर्षभर अखंड चालला तर सुमारे ४४ युनिट लागतात. खर्च फार नाही, पण ज्या खोलीत आठवड्यातून एकदा जाणे होते तिथला डबा बटण बंद करून ठेवावा.

प्रश्न : जुन्या राउटरवर कंपनीच्या फर्मवेअरऐवजी ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत, खुले फर्मवेअर घालावे असा विचार आहे. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन माझ्याकडे आहे. जमेल का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नुसत्या नावावरून सांगता येणार नाही, तळाच्या चिकटपट्टीवरचा आवृत्तीचा आकडा पाहावा. एकाच नावाखाली आतले सामान बदलत गेले आहे. या राउटरच्या तेराव्या आवृत्तीत ८ मेगाबाइट फ्लॅश आणि ६४ मेगाबाइट रॅम आहे, तर चौदाव्या आवृत्तीत पुन्हा ४ आणि ३२. चार-बत्तीसच्या यंत्रांना आता या प्रकल्पाच्या नव्या आवृत्त्या मिळत नाहीत आणि आठ-चौसष्टवरही जेमतेम भागते. जुन्या आवृत्तीवर समाधान मानण्यात अर्थ नाही, कारण ओपनडब्ल्यूआरटी घालण्याचे मुख्य कारणच कंपनीने सोडून दिलेल्या यंत्राला ताज्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळाव्यात हे आहे.

आपण विद्यार्थी आहात म्हणून या प्रकल्पाचा उगमही सांगतो. २००२ च्या अखेरीस बाजारात आलेल्या लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स ही खुली कार्यप्रणाली वापरली असल्याचे जाणकारांच्या ध्यानात आले. लिनक्सच्या परवान्यानुसार त्या फर्मवेअरचा स्रोत (प्रोग्रामचा मूळ मजकूर) खुला करणे भाग होते. तो २००३ मध्ये मिळाला आणि त्याच्या आधारावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीचे काम सुरू झाले. त्याच्या नावातली तीन अक्षरे त्याच राउटरची आहेत. परवान्यातल्या एका अटीमुळे इतकी मोठी गोष्ट उभी राहू शकते, हे अभियंता होऊ पाहणाऱ्याने मनात ठेवावे असे मला वाटते.

आपला आकडा योग्य निघाला तर त्याच आवृत्तीची फाइल उतरवावी, राउटर केबलने जोडूनच ती चढवावी आणि ती चढत असताना वीज जाणार नाही याची खात्री करावी. अर्धवट लिहिलेल्या फर्मवेअरमुळे राउटर सुरूच होईनासा होऊ शकतो. घरातल्यांचे इंटरनेट ज्या राउटरवर चालते, त्यावर हा पहिला प्रयोग करू नये. पडून असलेला डबा त्यासाठीच उत्तम.

प्रश्न : इंटरनेट कंपनीने बसवलेला फायबरचा डबा जोडणी बंद केल्यावर घरीच राहिला आहे. तो वापरावा की टाकून द्यावा? (गृहिणी, ठाणे)

उत्तर : आधी जोडणीच्या वेळची पावती काढून पाहावी. असा डबा बहुधा कंपनीच्याच मालकीचा असतो आणि त्यापोटी अनामत घेतलेली असल्यास डबा अडॅप्टरसकट परत करून ती मागता येते. त्याची फायबरकडची बाजू ज्या कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेली असते तिच्याशीच बोलते, म्हणून दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर तो सहसा चालत नाही. फायबरच्या मोकळ्या टोकात डोळा लावून पाहू नये. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण तो असू शकतो.

डबा आपल्याच मालकीचा निघाला आणि वरीलपैकी एकही उपयोग नको असेल, तर तो कोरड्या कचऱ्यात किंवा तारा जाळून तांबे काढणाऱ्याच्या हाती जाऊ देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशी उपकरणे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जायला हवीत, आणि अनेक सोसायट्यांत त्यासाठी ठरावीक दिवशी ई-कचरा गोळाही केला जातो. डबा कोणालाही देण्यापूर्वी, मग तो कंपनीचा माणूस असो, शाळा असो वा पुनर्प्रक्रिया केंद्र, टाचणीने तो मूळपदावर आणावा, कारण घरच्या वायफायचा पासवर्ड आणि कित्येकदा जोडणीचे खाते व त्याचा पासवर्ड त्याच्या आत तसाच लिहिलेला असतो.